मोबाइलवरच लिहिते, पण पीडीएफ आली की सगळं अडतंय. काय करावं?

केजच्या बाई

नमस्कार. प्रश्न जरा लांबडा आहे, पण तोडून सांगितला तर कळणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण. केज तालुक्यात राहते आणि जात्यावरच्या ओव्या गोळा करते. आमच्याकडं दसरा झाला की कोयते निघतात. गावातल्या निम्म्या बायका ऊसतोडीला जातात, त्या पार पाडव्याच्या पुढं-मागं परततात. म्हणून ऐकायचं काम उन्हाळ्या-पावसाळ्यात आणि लिहायचं काम थंडीत, असा माझा हिशेब बसलाय. लिहिणं सगळं मोबाइलवर. फोन साधाच, ४ जीबी रॅमचा. लिहायचं एक ॲप आहे, नाव घेत नाही. त्यात आजवर ११४० ओव्या टाइप झाल्या. लाइट गेली तरी चालतं, रेंज नसली तरी चालतं, त्यामुळं एरवी माझं त्याच्याशी भांडण नाही.

भांडण पीडीएफचं. ॲपच्या माहितीत 'पीडीएफ चालते' असं लिहिलंय. कशी चालते ते ऐका.

२००९ साली आमची एक पुस्तिका निघाली होती, २१२ पानांची, त्यात ६४० ओव्या. लातूरला एका डीटीपीवाल्यानं ती लावली होती. त्याचं दुकान कधीच उठलं, मूळ फाइल गेली, एका सीडीवरची पीडीएफ तेवढी राहिली. आता दुसरी, वाढीव आवृत्ती काढायची म्हणून भाच्यानं ती फोनवर घालून दिली. उघडते, दिसते पण सुरेख. मात्र कॉपी करून माझ्या ॲपात चिकटवली की कंस, डॉलरची खूण, उलटे स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरं यांची भेळ. मराठी म्हणून एक अक्षर नाही. पान ४७ ते ५४ वर तर तेवढंही नाही, कितीही बोट दाबून धरा, अक्षर निळं होतच नाही.

माझ्या जुन्या वह्या आहेत, हाताने लिहिलेल्या, ८४ पानं. स्कॅन करून त्यांची पीडीएफ केली तर ९६ एमबी झाली. लिहायच्या ॲपात घातली. दहाव्या-अकराव्या पानाला फोन तव्यासारखा गरम आणि ॲप आपलं आपण बंद. पुन्हा उघडलं की 'सेव्ह होत आहे' म्हणून चाक फिरायलंय ते फिरायलंय. तीच फाइल भाच्याला पाठवताना मधेच रेंज गेली, त्याच्याकडं अर्धीच उतरली आणि त्याला एकही पान उघडलं नाही. अर्धी भाकरी दिली तर अर्धी तरी पोटात जाते ना?

पुढचं माझ्या जिवाला लागलंय. छापखान्यातून नव्या भागाचं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. तिथंच त्याच्यावर बोट ठेवून उघडलं, चार दिवस बसून दीडशेच्या वर खुणा केल्या. पाचव्या दिवशी उघडून बघते तर कोरं करकरीत.

मग भाचा म्हणला, मावशी, तुम्ही बसा, मी पीडीएफमध्येच दुरुस्ती करून देतो. मुखपृष्ठावर 'संकलन परिसर : केज, धारूर, अंबाजोगाई' असं होतं, त्यात परळी घालायचं होतं. त्यानं घातलं. 'पर' आलं, मग एक चौकोनी डबा आणि त्याच्यापुढं वेलांटी. ळ गायब. वैजनाथाचं गाव पहिल्याच पानावर असं पांगळं! शिवाय मागच्या यादीत ओव्या सांगणाऱ्या बायकांचे फोननंबर चुकून राहिले होते, त्यावर त्यानं पांढरी ठिगळं लावली. नंबर दिसेनासे झाले. शेजारणीच्या पोरानं त्याच ठिगळावर बोट दाबलं आणि नंबर कॉपी करून माझ्यासमोर लावून दाखवला.

आता आषाढ चालू आहे. दसऱ्याच्या आत, कोयता निघायच्या आधी, पुस्तक बायकांच्या हातात द्यायचंय. माझं काही चुकायलंय, का ॲपचं?

उदगीरकर

बाई, लाखाची एक गोष्ट सांगतो. एक जुना लॅपटॉप घ्या. फोन ही काय पुस्तक करायची जागा आहे का?

जुना डीटीपीवाला, परभणी

उदगीरकर, बाईंनी फोनवर ११४० ओव्या लिहिल्यात. तुम्ही लॅपटॉपवर किती लिहिल्या ते आधी सांगा.

बाई, नमस्कार. तुमच्या प्रश्नातली निम्मी दुखणी आमच्या हातची आहेत. मी १९९८ पासून परभणीत डीटीपी केलं, लग्नपत्रिकेपासून गाइडापर्यंत. त्यामुळं तुमची २००९ ची फाइल न बघताही तिच्यात काय असेल ते सांगतो.

तेव्हा आम्ही सगळे पेजमेकर नावाच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक, कळायचं नाही. मग मराठी कसं यायचं? सोंग घेऊन. फाँट बनवणाऱ्यानं इंग्रजी अक्षराच्या खुंटीवर मराठी अक्षराचं चित्र टांगून ठेवलेलं असायचं. कृतीदेव फाँटमध्ये इंग्रजी 'डी' दाबली की 'क' दिसायचा, 'जे' दाबली की 'र'. कॉम्प्युटरच्या मनात ते 'डी' आणि 'जे'च. आपल्याकडं श्रीलिपी जास्त चालायची, तिची मांडणी आणखी वेगळी. आयएसएमच्या फाँटची आणखी वेगळी. तुमच्या फाइलीत फाँट घातलेला आहे म्हणून ती सुरेख दिसते. मजकूर उचलून दुसऱ्या ॲपात नेला की फाँट मागं राहतो आणि सोंग उतरतं. तुम्हाला दिसते ती भेळ म्हणजे खाली दडलेलं इंग्रजी.

म्हणून कोणत्याही लिहायच्या ॲपला दोष देऊ नका, त्याला जे दिलं तेच त्यानं दाखवलं. पण ही भेळ फेकायची पण नाही. फाँट कोणता ते कळलं तर ती उलटी फिरवता येते. त्यासाठी परिवर्तक मिळतात: जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीत युनिकोड निघतो. फाँटचं नाव मात्र बिनचूक पाहिजे. कृतीदेवचा परिवर्तक श्रीलिपीला लावला तर भेळीची मिसळ होईल. नाव बघायला कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडून गुणधर्मांच्या खिडकीत 'फाँट्स' नावाचा कप्पा बघायचा. एवढ्यापुरतं सायबर कॅफेत जा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला लॅपटॉप लागत नाही (उदगीरकर ऐकताय ना).

पान ४७ ते ५४ बद्दल. तिथं अक्षरंच नाहीत, फोटो आहेत. आम्ही काय करायचो, सगळी ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावर काढलेली पानं, निघाल्यावर लेखक दुरुस्त्या घेऊन यायचा. पुन्हा पान लावायला वेळ कुणाला? नवी ओळ वेगळी छापायची, ब्लेडनं कापून ट्रेसिंगवर चिकटवायची आणि त्यावरून छपाईची प्लेट करायची. पुढं पीडीएफ मागितली की तेच चिकटवलेलं पान स्कॅन करून फाइलीत सरकवायचं. माझ्या हातून पण हे झालेलं आहे. तेवढी आठ पानं फोटोवरून अक्षरं ओळखणाऱ्या सोयीनं काढा नाहीतर सरळ टाइप करा.

आता परळीचा 'ळ'. पीडीएफ करताना फाँट अख्खा जात नाही, सहसा जेवढी अक्षरं त्या मजकुरात वापरली तेवढीच जातात, म्हणजे फाइल लहान होते. तुमच्या मुखपृष्ठाचा फाँट वेगळा, ठसठशीत असणार, आणि त्यावरच्या सात-आठ शब्दांत कुठंही 'ळ' नसणार. मग भाच्यानं मागितला तर येणार कुठून? शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळात पेटीतला 'ळ' संपला की आमचे वडील शेजारच्या छापखान्यातून मूठभर उसने आणायचे. पीडीएफला शेजार नसतो. म्हणून त्या फाइलीत नवीन अक्षर घालायला जाऊच नका. मुखपृष्ठ ज्यानं केलं त्याला 'परळी घाला' असा निरोप द्या, तो मूळ फाइलीत घालून नवी पीडीएफ काढून देईल.

प्रूफाच्या दुरुस्त्याही पीडीएफवर रेघोट्या मारून देऊ नका. माझा अनुभव सांगतो, चाळीस खुणांतल्या पाच-सहा ऑपरेटरला दिसतच नाहीत. तुमच्या लिहायच्या ॲपात सरळ यादी करा: पान, ओळ, चुकलेलं, बरोबर. ऑपरेटर एकेक ओळ खोडत जाईल. हे फोनवर झकास होतं.

नांदेडचा, सध्या पुण्यात

बाई, नमस्कार. माझी आई पण जिल्हा परिषदेतच शिक्षिका होती, त्यामुळं उत्तर चुकलं तर छडी बसेल या हिशेबानं लिहितो. मी फोनची ॲप बनवायच्या कामात आहे. भाऊंनी फाँटचं सांगितलं, मी फोनच्या बाजूचं सांगतो.

आधी एक गोष्ट. ॲपवाले 'पीडीएफ चालते' लिहितात तेव्हा त्याचे तीन-चार वेगळे अर्थ असतात. कुणी पीडीएफ फक्त दाखवतं, कुणी तिच्यावर गिरवू देतं, कुणी लिहिलेल्या मजकुराची पीडीएफ काढून देतं, आणि कुणी फक्त पिशवीत ठेवल्यासारखी टिपणाला जोडून ठेवतं. तुम्हाला हवं होतं पाचवंच: पीडीएफ आत घालायची आणि तिचा लिहिता येणारा मजकूर व्हायला पाहिजे. असं नीट करणारं लिहायचं ॲप फोनवर मी तरी मराठीसाठी पाहिलेलं नाही.

कारण पीडीएफमध्ये परिच्छेद नसतो. ओवी नसते, ओळही नसते. अमुक फाँटचं अमुक चित्र पानाच्या डाव्या कडेपासून इतकं, खालून इतकं, अशा सूचना असतात. एक इंचाचे ७२ भाग हे तिचं माप, म्हणजे ए-फोर पान ५९५ बाय ८४२. ॲडोबीनं १९९३ साली ती काढली ती कुठल्याही यंत्रावर पान हुबेहूब तसंच दिसावं म्हणून. कुणी त्यात नंतर लिहील हा विचार मूळ घडणीतच नाही. मजकूर उचलता यावा म्हणून 'हे चित्र म्हणजे हे अक्षर' असा एक तक्ता फाइलीत ठेवता येतो, पण तो ठेवलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि ठेवला तरी मराठीत वेलांटी घात करते. युनिकोडात 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी दिसते. पीडीएफ दिसण्याच्या क्रमानं मांडते, म्हणून युनिकोडातल्या पीडीएफमधूनही 'किती' उचललं की पुष्कळदा 'िकती' येतं. रफार तर कुठंही जाऊन बसतो. म्हणून तुमच्या ॲपातून काढलेली पीडीएफ पुन्हा त्याच ॲपात घालून दुरुस्त करू म्हणाल तर तेही करू नका. मूळ टिपण तेच खरं.

त्यात अँड्रॉइडनं ॲपवाल्यांना दिलेलं हत्यारही बोथट होतं. अँड्रॉइड ५ मध्ये, २०१४ साली, पीडीएफ दाखवायची सोय आली, पण ती पानाचा फोटो काढून हातात द्यायची, बस्स. अक्षरं नाहीत, शोध नाही, पासवर्ड लावलेली फाइल असेल तर तेही नाही. शोधणं, निवडणं, पासवर्ड हे अँड्रॉइड १५ मध्ये, म्हणजे २०२४ साली आलं. मधल्या दहा वर्षांत ज्याला हे हवं त्यानं स्वतःचं यंत्र घालायचं किंवा विकत आणायचं. फुकटातल्या लिहायच्या ॲपचा बनवणारा बहुतेक वेळा एकटा माणूस असतो, तो फोटोवर भागवतो.

आता तुमचा तवा का तापला ते. ए-फोर पान ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, उघडलं की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. गुणाकार केला तर एका पानाला साधारण ३५ एमबी मेमरी. फाइलीत ते पान दाबून एक-सव्वा एमबीत बसवलेलं असतं, पण दाखवायचं म्हणलं की गादी उलगडल्यासारखं सगळं उलगडावं लागतं. दहा पानं म्हणजे ३५० एमबी. एकट्या ॲपला इतकी मेमरी घेऊ दिली तर तुमच्या फोनमध्ये बाकीच्यांना जागा राहायची नाही, म्हणून फोन त्यालाच बाहेर काढतो. ते 'आपलं आपण बंद' होतं म्हणता, ते हे. पीडीएफ वाचायचीच ॲप असतात ती समोरचं पान तेवढं उलगडतात, तेही पडद्याच्या मापानं. १०८० ठिपके रुंदीचा पडदा असेल तर एक पान ६-७ एमबीत भागतं. म्हणून त्यांच्यात आठशे पानांची गाइडंही उघडतात. तुमचं ॲप प्रत्येक पान टिपणातलं चित्र समजून धरून ठेवायलंय. त्यात ते प्रत्येक अक्षराला आपोआप सेव्ह करत असेल तर दर वेळी ९६ एमबीची गोणी उचलून ठेवतंय. चाक फिरायलंय ते त्यामुळं.

तेव्हा वह्यांची फाइल त्या ॲपातून काढून टाका. वाचायच्या ॲपात उघडा आणि पडदा दोन भागांत करा: वर वही, खाली लिहायचं ॲप. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. आणि वह्या पुन्हा स्कॅन करणार असाल तर रंगीत नको, करड्या रंगात करा, वहीच्या शाईला रंग कशाला?

अर्ध्या भाकरीचं उत्तर गमतीचं आहे. पीडीएफची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. उघडणारा आधी शेवटाला जातो, तिथं 'कोणतं पान कुठं' हे वाचतो, मग पहिलं पान दाखवतो. अर्धीच उतरली तर अनुक्रमणिकाच नाही. काही ॲप चाचपडत दुरुस्ती करून बघतात, सगळी नाही करत.

शेवटीच सगळं जोडायचं या सवयीचं दुसरं टोक म्हणजे तुमची ठिगळं. पीडीएफमध्ये बदल केला की पुष्कळ ॲप जुनं तसंच ठेवून नवं शेवटी चिकटवतात. पांढरा चौकोन हा नंबराच्या वर काढलेला आणखी एक आकार झाला, नंबर खाली जिवंत आहे. बाई, ती फाइल कुणाकुणाला पाठवली ते आठवा आणि छापखान्याला आधी कळवा. मूळ मजकुरातून नंबर काढून नवी पीडीएफ करायला सांगा. याला उशीर करू नका.

आणि दीडशे खुणा. व्हॉट्सॲपमधून फाइलीवर बोट ठेवून दुसऱ्या ॲपात उघडली की ती त्या ॲपला बघायला मिळते, मालकीची होत नाही. परवानगी सहसा वाचण्यापुरती आणि थोड्या वेळाची. चांगलं ॲप अशा वेळी 'प्रत कुठं ठेवू' असं विचारतं. तुमच्यानं विचारलं नाही, खुणा स्वतःच्या आठवणीत धरून बसलं आणि फोननं त्याला बंद केल्यावर विसरलं. पुढच्या वेळी फाइल आधी फोनच्या डाउनलोड फोल्डरात ठेवा आणि तिथून उघडा. आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. लिहायची बरीच ॲप टिपणं स्वतःच्या खासगी कप्प्यात ठेवतात. ॲप काढलं की कप्पा जातो. तुमच्या ११४० ओव्या आजच साध्या मजकुराच्या फाइलीत काढून स्वतःलाच मेल करा. हजार-बाराशे ओव्यांचा मजकूर एका एमबीच्या आत बसेल, मेलमध्ये २५ एमबीपर्यंत जातं.

उदगीरकर

ते फोटोवरून अक्षरं ओळखायचं गूगल ड्राइव्हमध्ये फुकट होतं की. पीडीएफ टाकायची, डॉक्समध्ये उघडायची. हातच्या वह्यांचं पण होईल.

नांदेडचा, सध्या पुण्यात

छापील पानाचं होतं, मीही करतो. पण ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून करायचं काम आहे आणि गूगल स्वतःच फाइल २ एमबीच्या आत ठेवा म्हणतं, म्हणजे ९६ एमबीची फाइल पान-पान तोडावी लागेल. छापील आठ पानांना हरकत नाही. हाताने लिहिलेल्या मराठीचं जे निघतं ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्यानं टाइप करणं सोपं. बाई, वह्यांसाठी एक वेगळंच सुचतं. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा, भाषा मराठी ठेवा आणि वही वाचून दाखवा.

केजच्या बाई

उशीर झाला. मधे पेरणी झाली, मग नातीचं बारसं. सांगायला बरंच आहे.

आधी ते नंबरांचं. तुझं वाचलं त्याच रात्री छापखान्यात फोन केला, लेकरा. यादी मूळ फाइलीतून नव्यानं काढून घेतली. जुनी फाइल चार जणांना गेली होती, चौघांना सांगून पुसायला लावली. पुसली असेल असं धरून चालते. भाच्याला पण समोर बसवून दाखवलं. तो म्हणला, मावशी, मी तर व्हाइटनर समजत होतो.

परळीचं मुखपृष्ठवाल्याला कळवलं. अर्ध्या तासात आलं, 'ळ' चांगला पोटभर गोल.

भाऊ, तुमच्या पुस्तिकेच्या निदानाला मानलं. केजला सायबर कॅफेत जाऊन फाँटचा कप्पा बघितला. श्री-देव-०७१४, म्हणजे श्रीलिपीचाच. तिथल्या पोरानं परिवर्तक लावला. पहिलं पान निघालं आणि मी खुर्चीवरून उठलेच. सोळा वर्षांपूर्वीच्या ओव्या एकदम जिवंत! मग चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं, जोडाक्षरांत गडबड आहे. 'विठ्ठल' असेल तिथं सगळीकडं 'विठल'. पांडुरंगाचा एक ठ गेला. पण चूक सगळीकडं सारखी होती, म्हणून लिहायच्या ॲपात 'शोधा आणि बदला' केलं, दोनशे चाळीस विठ्ठल एका दमात पूर्ववत. वाऱ्याचा, दऱ्याचा ऱ्य मात्र कुठं चंद्रकोरीसारखा, कुठं नुसता य. ते हाताने करायलेय. दिवसाला दहा पानं होतात. ओळी तुटून येतात हा एक मोठा ताप. ओवीच्या दोन ओळींच्या चार होतात, आणि कुठं तोडायचं ते यंत्राला कसं कळावं, ते गळ्याला कळतं. म्हणून प्रत्येक ओवी पुटपुटत दुरुस्त करते. घरचे म्हणतात, बाई जप करायल्यात.

वह्यांचं. पडदा दोन भागांत केला, जमलं, पण अक्षर बारीक होतं आणि कीबोर्ड वर आला की वही झाकते. माझ्या डोळ्यांना ते झेपलं नाही. माइक मात्र लागू पडला. पहिल्या दिवशी मी ओवी म्हणून दाखवली, सवयीनं चालीवर. फोननं एक शब्द घेतला नाही. मग शाळेत श्रुतलेखन घालायची तसं सरळ, शब्द सुटे करून वाचलं, तर भराभर लिहिलं. आयुष्यभर पोरांना श्रुतलेखन घातलं, आता फोनला घालते. चुका पोरांसारख्याच: 'ण'चा 'न', आणि गावाकडचा शब्द आला की शहरातला लिहून मोकळा. मी 'इवाई' म्हणलं तर त्यानं 'विवाह' लिहिलं. ओवीत व्याही रुसलाय, आणि यानं लग्न लावून दिलं. विरामचिन्हं येत नाहीत, पण ओवीला ती कशाला लागतात. ८४ पैकी ५१ पानं झाली.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी बघितली होती मागं, कापडावर लिहिलेली. तिला फाँट लागत नाही, मेमरी लागत नाही, असं मनात आलं. मग आठवलं, कॉपी करायची म्हणलं तर तीही बसून हातानेच.

११४० ओव्या मेल केल्या स्वतःला. फाइल एवढीशी निघाली, एक फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. दुरुस्त्यांची यादी छापखान्यातल्या ऑपरेटरला गेली, १६३ ओळी. त्यानं दुसरं प्रूफ दिलं त्यात चारच राहिल्या होत्या.

आता एकच अडलंय. पान ४७ ते ५४ ची आठ पानं त्या सायबर कॅफेतल्या पोरानं फोटोवरून काढून दिली. पान ४९, वरून तिसरी ओळ. यंत्रानं 'घार' लिहिलंय. मला 'धार' वाटतंय. भाऊ म्हणाले तसं तिथं ब्लेडनं कापून चिकटवलेलं आहे, आणि नेमकी अक्षराच्या डोक्यावरून कापाची रेघ गेलीय. जिनं सांगितली ती म्हातारी आता नाही. छापील प्रत माझ्याकडची वाळवीनं नेली. फोटो टाकलाय, भाऊ, तुमच्या सरावाच्या नजरेनं तेवढं सांगा.

जुना डीटीपीवाला, परभणी

मोठा करून बघितला. काप रेघेच्या वरून गेलाय, अक्षरावरून नाही, पण शाई फुटलीय त्यामुळं घ आणि ध सारखेच दिसतात. श्री-देव-०७१४ मध्ये ध च्या डोक्याला डावीकडं रेघ पोचत नाही, तिथं गाठ वळलेली असते. तुमच्या फोटोत तिथं रेघ नाही. शिवाय पुढच्या ओळीत चरवी आलीय की बाई. घारीला दुधाची चरवी कशाला लागते? 'धार'च लावा.

केजच्या बाई

चरवी माझ्या नजरेतून सुटलीच. लावली.